वाटेतला खोळंबा

वेळ पुरत नाही, ही तक्रार एके काळी मुंबईच्या गिरणीत वा गोदीत राबणाऱ्या चाकरमान्याची मिरास समजली जात असे. परंतु केरा आणि कोयना या नद्यांच्या संगमावर वसलेल्या आमच्या पाटणसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे बाजारपेठ या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून जाण्यास फारशी तोशीस पडत नाही, तेथेही ती आता घरोघरी ऐकू येऊ लागली आहे. कचेरीतल्या कारकुनाला सवड नाही, शाळकरी पोराला सवड नाही, आणि नवलाची गोष्ट अशी की, ज्यांनी सरकारी चाकरीची पुरी मुदत भरून पेन्शन घेतली त्यांनाही सवड म्हणून नाही. या तालुक्यात ख्रिस्ती कुटुंबे मोजकी आणि विखुरलेली. परंतु त्यांच्याही घरांत हीच तऱ्हा आहे, आणि रविवारच्या उपासनेत नव्या दिवसाबद्दल प्रभूची मनोभावे उपकारस्तुती करणारा गृहस्थ सोमवारी सकाळी त्याच दिवसावर कावलेला दिसतो. अशा वाचकांपुढे चार व्यवहाराच्या गोष्टी मांडाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वेळेविषयी उपदेश करणारे बहुतेक लोक वेळेला धन म्हणतात. व्यापाऱ्याच्या गादीवर ते शोभून दिसते. पवित्र शास्त्राचा सूर मात्र वेगळा आहे. धनावर आपला मालकी हक्क असतो, ते तिजोरीत ठेवता येते, व्याजाने लावता येते, आणि शेजाऱ्याला न देण्याची मुभाही आपल्याला असते. दिवस हा शास्त्राच्या लेखी अमानत आहे, धन्याने कारभाऱ्याच्या हवाली केलेली ठेव आहे. प्रभू येशूच्या दृष्टांतांत हा कारभारी वारंवार भेटतो; धनी परदेशी जातो, परत येऊन हिशेब मागतो, आणि त्या हिशेबात ज्याने ठेव जमिनीत पुरून जशीच्या तशी परत आणून दिली त्याचीच सर्वांत वाईट गत होते. मोशेच्या नावे असलेल्या नव्वदाव्या स्तोत्रात मनुष्याच्या आयुष्याची मर्यादा सत्तर, फार तर ऐंशी वर्षे सांगून आपले दिवस मोजण्याचे शहाणपण देवाजवळ मागितले आहे. सत्तर वर्षांचे दिवस साडेपंचवीस हजारांच्या आसपास भरतात. रक्कम ऐकताना मोठी वाटते. पण पन्नाशी गाठलेल्या वाचकाने खर्ची पडलेला आकडा त्यातून वजा करून पाहावा, म्हणजे बाकी सात हजारांच्या थोडी वर उरते आणि कागदावर मांडलेली ती बाकी मनुष्याला क्षणभर गप्प करते.

ही ठेव एकरकमी मिळत नाही, हेही ध्यानात घ्यावे. इस्राएली लोक रानात असताना त्यांना जो मन्ना मिळे तो रोजच्या रोज वेचावा लागे. ज्यांनी उद्याची तरतूद म्हणून राखून ठेवला त्यांच्या भांड्यांत सकाळी किडे पडलेले दिसले, आणि फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट वेचण्याची परवानगी होती. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातील ही हकीकत आपण लहानपणी शब्बाथशाळेत चमत्कार म्हणून ऐकतो आणि पुढे विसरतो. ती वास्तविक प्रपंचाची शिकवण आहे. मुलगी दहावी झाली की मग तिच्याशी निवांत बोलू, घराचा हप्ता फिटला की मग आईला वेल्लोरच्या रुग्णालयात दाखवून आणू, निवृत्तीनंतर मग शास्त्राचे वाचन नियमाने करू, असे म्हणणारा मनुष्य मन्ना भांड्यात साठवीत असतो. आणि मुलगी दहावी होते तेव्हा तिला बापाशी बोलायचे उरलेले नसते.

उद्याचा भरवसा धरता येत नाही, ही गोष्ट कोयनाकाठच्या माणसाला व्यासपीठावरून सांगण्याचे कारण नाही. 1967 सालच्या डिसेंबरची 11 तारीख सोमवार होती. आदल्या रविवारी रात्री कोयनानगरच्या वसाहतीतील माणसे दुसऱ्या दिवशीच्या पाळीचे, शाळेचे, बाजारहाटाचे बेत करून निजली, आणि पहाटे सव्वाचारच्या सुमारास जमीन हादरली तेव्हा तालुक्यातील घरेच्या घरे बसली, पावणेदोनशेच्या वर माणसे दगावली, हजारो उघड्यावर आली. त्या पिढीतील वृद्ध आजही भिंतीवरचे कपाट किंचित वाजले तरी उठून बसतात. याकोबाने आपल्या पत्रात, उद्या अमक्या नगरास जाऊन व्यापार करू असे ठामपणे बोलणाऱ्यांना आयुष्य धुक्यासारखे आहे म्हणून बजावले आहे. परंतु या वचनाचा उपयोग भय घालण्यासाठी करणारे उपदेशक मला फारसे रुचत नाहीत. मरणाची भीती दाखवून माणूस थोडे दिवस घड्याळाप्रमाणे वागतो, प्रेमाने वागू लागत नाही. आणि आपल्याला दुसरीच गोष्ट हवी आहे.

ती गोष्ट प्रभूने स्वतः कशी केली, ते मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात पाहावे. याईर नावाचा सभास्थानाचा अधिकारी, म्हणजे त्या गावातील मातब्बर असामी, येऊन पाया पडतो. त्याची बारा वर्षांची मुलगी मरणाला टेकली आहे. प्रभू त्याच्याबरोबर निघतो. याहून निकडीचे काम कल्पिता येणार नाही. मागे लोकांची रेटारेटी आहे, पुढे बापाची पावले धावताहेत, आणि अशा वेळी गर्दीतून एक स्त्री मागून येऊन प्रभूच्या वस्त्राला हळूच स्पर्श करते. तिला बारा वर्षे रक्तस्रावाचा विकार आहे. जितके आयुष्य त्या मुलीचे, तितके हिचे दुखणे. जवळची सगळी पुंजी वैद्यांच्या पायी घालून ती अधिकच खालावली आहे. स्पर्शासरशी तिला बरे वाटते. आपल्या हिशेबाने काम येथे संपले; रोगी बरा झाला, खोळंबा न होता झाला, पुढे चालावे. परंतु प्रभू थांबतो आणि कोणी शिवले म्हणून विचारतो. शिष्यांना तो प्रश्न वेडगळ वाटतो, कारण त्या गर्दीत शंभर जण शिवत असतील. ती स्त्री थरथरत पुढे येते आणि सर्व खरे सांगते.

हे सर्व सांगणे किती वेळ चालले असेल, याचा वाचकाने थोडा विचार करावा. बारा वर्षांचे दुखणे, त्यातले वैद्य, त्यातला खर्च, त्यातली विटाळाची लाज. हे भर रस्त्यात, परक्या माणसांदेखत, भीतभीत सांगायचे. दोन मिनिटांत उरकणारी ही गोष्ट नाही. आणि हे सारे चालू असताना याईर बाजूला उभा आहे! त्याच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याविषयी मार्क एक अक्षर लिहीत नाही. पण ज्याने कधी आजारी मूल मांडीवर घेऊन घाटातल्या वाहतुकीच्या कोंडीत तास काढला आहे त्याला ते सांगावे लागणार नाही. ते बोलणे चालू असतानाच घराकडून माणसे येतात आणि मुलगी गेली, आता गुरुजींना तसदी कशाला, असे कळवतात. लौकिक न्यायाने पाहिले तर प्रभूने वेळ वाया घालवला आणि एक जीव गमावला. परंतु तो याईराला धीर देऊन तसाच पुढे जातो, आक्रोश करणाऱ्यांना बाहेर घालवतो, मुलीचा हात धरून तिला उठवतो. आणि त्या अपूर्व क्षणी, आईबाप आश्चर्याने वेडे झाले असता, तो त्यांना सांगतो काय, तर मुलीला काहीतरी खायला द्या. मृत्यूवर जय मिळवल्यानंतर ज्याला पोरीच्या भुकेची आठवण राहते त्याच्या लेखी स्वयंपाकघर आणि स्वर्ग ही दोन वेगळी खाती नव्हती, असे मी समजतो.

या एका अध्यायातून वेळेविषयी जे शिकायचे ते सगळे मिळते. आपण खोळंब्याला कामातला अडथळा मानतो. प्रभूच्या चरित्रात पाहिले तर त्याची कितीतरी कामे खोळंब्यातच झालेली आहेत. विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई, झाडावर चढून बसलेला जक्कय, छप्पर उकलून खाली सोडलेला पक्षघाती, यांपैकी एकाचीही आगाऊ नोंद कोणाच्या टिपणवहीत नव्हती. तेव्हा पहिला व्यवहाराचा नियम असा करावा की, दिवसाची आखणी करताना ती काठोकाठ भरू नये. दिवसाचा थोडा भाग, तासभर का होईना, बिननावी ठेवावा. कोणाच्या नावे तो लागायचा ते तो दिवस सांगेल. पाटणाहून कराडला जायचे तर आपण वेळेवर पोचावे एवढ्यासाठी एक एस.टी. आधीची धरतो, तीच बुद्धी घरातल्या माणसांसाठी वापरायला हरकत नसावी.

येथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर आळशी माणसाला या लेखात चांगलीच पळवाट सापडेल. प्रत्येक व्यत्यय हा देवाने धाडलेला नसतो. खिशातल्या फोनवर दर दोन मिनिटांनी वाजणारी घंटी म्हणजे वस्त्राच्या काठाला शिवणारी ती दुखणाईत बाई नव्हे. फरक ओळखण्याची खूण साधी आहे: थांबल्याने समोरच्या कोणाला उभारी मिळणार आहे काय, की केवळ आपल्या कंटाळ्याला विरंगुळा मिळणार आहे? पहिले असेल तर काम बाजूला ठेवावे. दुसरे असेल तर फोन. आणि स्वतःच्या उशिराचे समर्थन म्हणून याईराची कथा सांगणाऱ्यांना तर मंडळीने खडसावावे. घरोघरच्या प्रार्थनासभेला साडेसहाची वेळ देऊन साडेसातला उगवणारे, आणि उगवल्यावर वीस मिनिटांची प्रार्थना करून पोटात कावळे ओरडत असलेल्या पोरांना निजवणारे, यांनी दुसऱ्याच्या अमानतीत हात घातलेला असतो.

निकड आणि निवांतपणा एकाच माणसात नांदू शकतात, याचे उदाहरण शेजारच्या सांगली जिल्ह्यात आहे. डॉक्टर विल्यम वानलेस हे मूळचे कॅनडातले. 1889 साली ते हिंदुस्थानात आले, 1894 साली मिरजेस त्यांच्या मिशन रुग्णालयाची इमारत उभी राहिली, आणि 1928 साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेथे शस्त्रक्रिया केल्या. मिरज हे रेल्वेचे जंक्शन. लांबलांबून रोगी येत, मोतीबिंदूचे आंधळे, मूतखड्याचे, गाठींचे, आणि त्या काळी या भागात दुसरा आसरा थोडाच होता. एवढा रेटा असताना टेबलावर रोगी घेतल्यावर सुरी हाती धरण्यापूर्वी प्रार्थना करण्याचा प्रघात त्यांनी ठेवला. दिवसाला जितकी माणसे तितक्या वेळा थांबायचे. हिशेबी मनुष्य म्हणेल की त्या वेळेत महिन्याकाठी आणखी चार-दोन रोगी तपासून झाले असते. परंतु टेबलावर पडलेल्या, डोळे मिटून वाट पाहणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहावे. ज्या हाताने आपले पोट फाडले जाणार तो हात आपल्यासाठी क्षणभर जोडला गेला, हे त्याला कळत असे. वाचकांपैकी जे शिक्षक असतील, परिचारिका असतील, तलाठी कचेरीत वा बँकेत बसत असतील, त्यांनी यापुरते अनुकरण करावे: पुढचा माणूस खिडकीशी येण्यापूर्वी एक श्वास थांबून त्याच्या तोंडाकडे पाहावे, कागद नंतर घ्यावा. बोलून दाखवलेली प्रार्थना कचेरीत शोभणार नाही. तिची गरजही नाही.

पेरणीला वाफसा लागतो, हे येथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवीत नाही. पाऊस पडून गेला, जमीन ना चिखल ना कोरडी अशी झाली, की दोन-चार दिवस मिळतात. ते गेले की बी तेच, बैल तेच, पण पीक ते नव्हे. घरातल्या संभाषणालाही असाच वाफसा असतो. शाळेतून आलेले मूल दप्तर टाकताना जे सांगू पाहते ते रात्री जेवताना विचारले तर 'काही नाही' म्हणते. पत्नी संध्याकाळी चुलीपाशी अर्धे वाक्य बोलून थांबते, त्या थांबण्यात पुढचे सगळे असते. मुंबईहून गणपतीला किंवा गावच्या यात्रेला आलेला चाकरमानी भाऊ पहिल्या रात्री ओसरीवर बसून जे बोलेल ते परतीच्या गाडीला बसताना बोलणार नाही. आमच्या तालुक्यात घरटी एक माणूस मुंबईला, असा प्रकार असल्यामुळे ही गोष्ट मी जरा आग्रहाने सांगतो. वर्षातून आठ-दहा दिवस भेटणाऱ्या बापाने ते दिवस गावकीच्या बैठकांत घालवावेत काय, याचा निवाडा त्याने स्वतः करावा.

रोजच्या साध्या गोष्टींना मोल असते, हे कोणा तत्त्वज्ञाने पटवून देण्यापेक्षा लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'नी मराठी वाचकाला अधिक पटवले आहे. 1934 पासून चार भागांत आलेले हे पुस्तक एका अशा बाईचे, जिला शाळेचे शिक्षण नव्हते, आणि जिचा नवरा, रेव्हरंड नारायण वामन टिळक, केव्हा घर सोडून निघून जाईल व केव्हा घरची शिधासामग्री कोणा गरजवंताला देऊन टाकील याचा नेम नसे. नवऱ्याने धर्मांतर केल्यामुळे झालेली ताटातूट, माणसांची तोंडे फिरणे, प्लेगचे दिवस, हे सगळे त्यात आहे. पण वाचकाच्या स्मरणात राहतात ती भांडणे, फजित्या, स्वयंपाकातले घोटाळे, प्रवासातली गंमत. वडिलांच्या सोवळ्याओवळ्याचा जाचही त्या हसत सांगतात. हे सारे त्यांना साठीनंतर आठवले, याचा अर्थ ते घडत होते तेव्हा त्या तेथे हजर होत्या. अंगाने चुलीपाशी आणि मनाने भलतीकडे, असे त्यांचे झाले नाही. टिळकांचे आमच्या सातारा जिल्ह्याशीही नाते आहे. 1917 साली, वयाच्या पंचावन्नाव्या-छप्पन्नाव्या वर्षी, मिशनच्या बांधलेल्या पगाराची नोकरी सोडून ते साताऱ्यास राहिले आणि 'देवाचा दरबार' नावाची मंडळी त्यांनी सुरू केली. 9 मे 1919 रोजी ते वारले. म्हणजे त्या नव्या कामाला त्यांना दोन-एक वर्षेच मिळाली. 'ख्रिस्तायना'चे साडेदहा अध्याय लिहून झाले होते. पुढचे बहुतेक सगळे लक्ष्मीबाईंनी लिहिले. काम अपुरे राहील या भयाने टिळक थांबले असते तर ते साडेदहाही झाले नसते.

लक्ष्मीबाईंची प्रतिभा आपल्यापाशी नसली तरी एक वही बाळगता येते. दुकानदार रात्री दुकान बंद करताना रोजकीर्द लिहितो, तशी कुटुंबप्रमुखाने निजण्यापूर्वी दोन ओळी लिहाव्यात: आज कोणासाठी थांबलो, आणि कोणाला टाळून पुढे गेलो. एवढेच, त्यावर प्रवचन लिहू नये, नाहीतर वही आठ दिवसांत बंद पडते. टाळलेल्या माणसाचे नाव दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेत घ्यावे आणि जमल्यास दुपारपर्यंत त्याला गाठावे. कौटुंबिक उपासनेची चाल आपल्या आजोबांच्या घरांत होती: कंदील मध्ये ठेवून एक शास्त्रपाठ, एक गीत, एक लहानशी प्रार्थना. ती पुन्हा चालू करावयाची असेल तर पंधरा मिनिटांची मुदत ठरवून चालू करावी, आणि धाकट्याला गीत निवडू द्यावे, मग तो वर्षभर एकच गीत का निवडेना. सकाळी उठल्याबरोबर हात फोनकडे जातो तो आधी पवित्र शास्त्राकडे जावा, म्हणून ते उशापाशी ठेवावे आणि फोन दुसऱ्या खोलीत. यात अध्यात्म थोडे आणि युक्ती जास्त आहे, पण ती चालते.

रविवारासंबंधी मला जरा कडक बोलायचे आहे. शब्बाथाच्या आज्ञेत कोणी काम करू नये याची लांबलचक यादी आहे. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे, वेशीच्या आतला परकाही तीत येतो. बायकोचे नाव तेवढे नाही, आणि आम्ही पुरुषांनी त्या गाळलेल्या नावाचा भरपूर फायदा उठवला आहे. उपासनेहून परतल्यावर मटणाचा बेत, त्यावर चार पाहुणे, भांड्यांचा ढीग. आठवड्यातला सर्वांत कष्टाचा दिवस तिच्या वाट्याला येतो आणि यजमान पाटावर बसून विसाव्याच्या आज्ञेचे मोठेपण सांगतात. बेथानीच्या मार्थेला बोल लावणाऱ्या प्रवचनांचा मला म्हणूनच थोडा कंटाळा आहे. मरीया पायाशी बसली तेव्हा घरातल्या पुरुषांपैकी कोणी उठून पाणी भरले असते तर तक्रारीला जागाच उरली नसती. तेव्हा शनिवारी संध्याकाळीच भाजी निवडून ठेवावी, रविवारी पिठले-भात करावा, आणि भांडी पुरुषांनी घासावीत. मन्नाही आदल्या दिवशीच दुप्पट वेचला जात असे.

असा मोकळा झालेला रविवारचा तिसरा प्रहर कोणा एका घरी न्यावा. प्रत्येक मंडळीत अंथरुणाला खिळलेले कोणीतरी असतेच; एके काळी शाळेत शिकवलेले गुरुजी, मिशनच्या दवाखान्यात आयुष्य घालवलेली परिचारिका, जिची मुले पुण्याला आहेत अशी आजी. पाळकाने महिन्यातून एकदा जाऊन प्रार्थना केली म्हणजे मंडळीचे देणे फिटले, असे समजू नये. दारात 'सलाम' करून आत जावे, चपला काढाव्यात, पंखा लावू का म्हणून विचारावे, आणि बसावे. म्हातारी माणसे तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगतात. ऐकून घ्यावी, कारण तिसऱ्या वेळी त्यात एखादे नवे नाव निघते. शेवटी सोबत नेलेला शास्त्रपाठ मोठ्या अक्षरांच्या पुस्तकातून त्यांनाच वाचू द्यावा, दिसत असेल तर. घर ढेबेवाडी खोऱ्यात किंवा कोयनेच्या वरच्या अंगाला असेल तर परतीच्या शेवटच्या गाडीची चौकशी जातानाच वाहकाकडे करावी. आणि ती चुकलीच तर रात्रीच्या मुक्कामाबद्दल यजमानांची क्षमा मागत बसू नये, त्यांनी मनातल्या मनात ती चुकावी अशीच प्रार्थना केलेली असण्याचा संभव असतो.